पन्ना : रनेहची घळ आणि पांडव धबधबा एका दिवसात (ग्वाल्हेरहून जाणाऱ्यांसाठी)

थाटीपूरकर
दिवाळीच्या सुट्टीत खजुराहोला मुक्काम करून एक अख्खा दिवस पन्न्याच्या बाजूला द्यायचा बेत आहे. माणसं सहा, गाडी एक. त्यात दोघं सत्तरीचे आणि एक नऊ वर्षांचा. देवळं वेगळ्या दिवशी बघू. या एका दिवसात रनेहची घळ, पांडव धबधबा आणि उद्यानातली सकाळची सफारी असं तिन्ही बसवायचं आहे. आधी कुठे जावं? दिवाळीत पाणी उरलेलं असतं का? पायऱ्या वडीलधाऱ्यांना झेपतील का? आणि घडियाल (लांब तोंडाच्या सुसरी) खरंच दिसतात की नुसती पाटीच आहे?

मुरारकर
घड्याळावर तिन्ही बसतं, अंगाला बसत नाही. सकाळची सफारी सूर्योदयाला सुरू होते आणि संपेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात. म्हणजे खजुराहोहून पहाटे पाचला निघायचं, उघड्या जिप्सीत चार-पाच तास थंडी-धूळ-धक्के खायचे, मग पांडवच्या पायऱ्या उतरायच्या-चढायच्या आणि वर रनेह. नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. सत्तरीची माणसं तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरणारसुद्धा नाहीत. सफारी दुसऱ्या दिवसावर टाका किंवा सोडा. दोन ठिकाणं मन लावून बघितलीत तरी दिवस भरतो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. रनेह हे पन्ना राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात नाही, ते लगतच्या केन घडियाल अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८५ सालचं, क्षेत्र सुमारे ४५ चौरस किलोमीटर. पांडव उद्यानाच्या हद्दीत आहे, पण त्याचं फाटक हमरस्त्यावर आणि तिकीट वेगळं. त्यामुळे या दोन्ही ठिकाणांसाठी सफारीचं ऑनलाइन आरक्षण लागत नाही. सफारीचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि एरवी बुधवारी दुपारची फेरी नसते. हे नियम सफारीचे आहेत. लोक ते धबधब्यांना लावून बेत रद्द करून बसतात.

फालकाबाजार
पाणी बघायचं असेल तर ऑगस्ट. दिवाळीत काय बघणार, दगड?

खडकवेडा
हो, दगडच. आणि रनेहला ते पाण्याइतकेच बघण्यासारखे आहेत. जायच्या आधी एवढं एक ठरवा: पाणी बघायला निघालात की खडक? रनेहला दोन्ही एकाच महिन्यात पुरेपूर मिळत नाहीत.

भर पावसाळ्यात केन नदी घळीच्या काठापर्यंत भरते. गढूळ, मातकट पाणी सगळ्या रुंदीवरून कोसळतं, आवाज छातीत बसतो, पण घळ दिसत नाही, कारण ती पाण्याखाली असते. ऑक्टोबरात पाणी उतरू लागतं आणि निवळतं. नोव्हेंबर ते जानेवारीत धारा बारीक होतात, तळाशी हिरवट डोह राहतात आणि भिंती पूर्ण उघड्या पडतात. सुमारे ३० मीटर खोल, पाचेक किलोमीटर लांब अशी ती चीर आहे. एप्रिल-मेमध्ये धबधबा जवळपास नसतोच, वर गंगऊचे जुने बंधारे सिंचनासाठी पाणी अडवतात. शिवाय पारा ४५ च्या घरात आणि तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. दिवाळीचा काळ मधला आहे. धारा थोड्या, रंग पुष्कळ. माझ्या मते हाच उत्तम.

पांडवचं उलटं. तो धबधबा झऱ्यांवर चालतो, म्हणून बारमाही आहे. पावसाळ्यात जाडजूड पडदा, उन्हाळ्यात दोरीएवढी धार, पण कोरडा नाही. तिथे तारखेची चिंता करू नका.

आता दोन्ही ठिकाणं वेगळी का दिसतात ते. रनेह बुंदेलखंडी ग्रॅनाइटमध्ये आहे, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. ग्रॅनाइट झिजतो तो भेगांच्या रेषेत, म्हणून नदीने सरळ उभ्या कापाची अरुंद चीर पाडली आहे. रंग त्यातल्या खनिजांचे: गुलाबी-लालसर पोटॅश फेल्डस्पारचा, राखाडी क्वार्ट्झचा आणि प्लॅजिओक्लेजचा. मध्येच काळ्या पट्ट्या दिसतात त्या नंतर भेगांत घुसलेल्या डोलेराइट या काळ्या खडकाच्या भित्ती. पांडव विंध्य श्रेणीच्या वालुकाश्मात आहे. तिथे थर आडवे. वरचा थर टणक, खालचा मऊ. पाणी खालचा थर खात जातं आणि वरचा छपरासारखा पुढे लोंबत राहतो. म्हणूनच घोड्याच्या नालेसारखा कडा, खाली डोह आणि कड्याच्या पोटात ठिबकत्या गुहा. पांडवांनी अज्ञातवासात इथे मुक्काम केला अशी समजूत त्या गुहांवरूनच आली.

रनेहच्या पात्रात घासून गुळगुळीत झालेले खोलगट वाटोळे खड्डे दिसले तर ते रांजणखळगे. कुकडी नदीवर निघोजला बेसॉल्टमध्ये आहेत तेच, इथे ग्रॅनाइटमध्ये. भोवऱ्यात सापडलेले गोटे गोल गोल फिरून खाली पोखरत जातात. तळाशी एखादा गुळगुळीत गोटा बसलेला असतो. तो उचलून घरी आणू नका, अभयारण्यातून काहीही नेणं गुन्हा आहे.

फालकाबाजार
पण तिथे सगळे सांगतात की हे ज्वालामुखीचं मुख आहे. नेटवरही तेच.

खडकवेडा
नाही. ज्वालामुखीचं मुख म्हणजे लाव्हा जिथून बाहेर पडतो ती जागा. ग्रॅनाइट हा मुळात वर न पोचलेला, जमिनीच्या पोटात खोलवर अतिशय सावकाश थंड झालेला मॅग्मा. म्हणून तर त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. कठड्याजवळच्या ताज्या तुटलेल्या कडेवर बघा: नखाएवढे गुलाबी चौकोनी चट्टे आणि मध्ये काचेसारखे राखाडी ठिपके. लाव्हा उघड्यावर झटकन थंड झाला असता तर इतके मोठे स्फटिक झालेच नसते. घळ खणली ती नदीने. वाटाड्याशी वाद मात्र घालू नका, त्याला बाकीचं पुष्कळ ठाऊक असतं.

चाकधर
रस्त्याचं सांगतो. ग्वाल्हेर ते झाशी साधारण १०० किलोमीटर, डबरा-दतिया करत. झाशीहून राष्ट्रीय महामार्ग ३९: मऊरानीपूर, नौगाव, छतरपूर, बमीठा. बमीठ्याला डावीकडे खजुराहो ११ किलोमीटर. एकूण २७५ च्या आसपास, थांबे धरून साडेपाच-सहा तास. मधला पट्टा उत्तर प्रदेशात येतो आणि तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे बरंच स्वस्त असतं, तेव्हा ग्वाल्हेरला टाकी फुल करू नका, झाशीपुढे भरा. रस्ता चांगला आहे हीच त्याची अडचण. अंधार पडला की गुरं येऊन डांबरावर बसतात, कारण ते उबदार असतं. चौपदरी म्हणून शंभरने जाणाऱ्याला काळी म्हैस शेवटच्या तीस मीटरला दिसते. सूर्यास्ताआधी बमीठा गाठा.

रेल्वेने जायचं तर निजामुद्दीन-खजुराहो वंदे भारत मार्च २०२४ पासून आहे आणि ती ग्वाल्हेरला थांबते. ललितपूर, टीकमगढ, छतरपूरमार्गे जाते. पण तिकडे उतरून दिवसाची टॅक्सी ठरवावी लागेल. ठरवतानाच “रनेह आणि पांडव दोन्ही, थांबण्यासकट” असं स्पष्ट बोला. दोन्ही ठिकाणं खजुराहोच्या वेगवेगळ्या अंगाला आहेत. रनेह सुमारे २० किलोमीटर, पांडव सुमारे ३४ किलोमीटर पन्ना रस्त्यावर, मडला गाव ओलांडून पुढे. “जवळच आहे” म्हणून एका ठिकाणाचा भाव ठरवला की दुसऱ्याला किटकिट होते.

कंपूवाली
थाटीपूरकर दादा, वडीलधाऱ्यांचं सांगते. रनेहची चिंता नाही. गाडी जिथे थांबते तिथून बघण्याच्या जागा थोड्या चालीवर आहेत, कठडे आहेत. पांडवला मात्र वरून खाली डोहापर्यंत भरपूर पायऱ्या आहेत आणि कड्याखालून ठिबकणाऱ्या पाण्याने शेवटच्या काही कायम ओल्या. उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात म्हणून लोक फसतात. चढायला दुप्पट धरा.

गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कारण प्रत्येक पायरीला सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. काठी घ्यायची ती उतारासाठी. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग धड पाय. चढताना आधी धड पाय. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर दम लागो न लागो, थांबायचं. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या गाडीत ठेवू नका, खाली नेणाऱ्याच्या खिशात असू द्या. आणि कुणाला नकोच वाटलं तर वरच्या कठड्यावरून डोह आणि धार दोन्ही दिसतात. “एवढे आलो आहोत तर उतरा” असा आग्रह धरू नका. खाली गेल्यावर पाय थरथरायला लागले तर वर आणायला ना डोली ना गाडी.

चपला-सँडल नकोत. रबरी गुळगुळीत तळ शेवाळ्यावर साबणासारखा घसरतो. बुटाचा तळ अंगठ्याने दाबून बघा. खाचा खोल आणि रबर किंचित मऊ असेल तर चालेल. कडक प्लॅस्टिकचा असेल तर तो ओल्या वालुकाश्मावरही घसरेल, रनेहच्या ग्रॅनाइटवर तर विचारूच नका.

मुरारकर
यात भर. घसरण्याच्या दृष्टीने रनेह जास्त वाईट, कारण कोरडा दिसणारा खडकसुद्धा नदीने काचेसारखा घासलेला आहे. कठड्यापलीकडे एक पाऊलही नाही. मुलाचा पंजा धरू नका, मनगट धरा. पंजा घामेजतो आणि झटक्यात सुटतो.

तिपाई
आधी कुठे, याचं उत्तर उजेड देतो. पहिल्यांदा पांडव, मग रनेह.

फालकाबाजार
उलट नाही का? रनेह संध्याकाळी, सोनेरी उन्हात गुलाबी दगड?

तिपाई
उघड्या डोंगराला ते लागू पडतं, चिरेला नाही. साधा हिशोब करा. घळ ३० मीटर खोल आणि एखाद्या जागी, समजा, ४० मीटर रुंद. ऊन आडवं येत असेल तर सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांच्या खाली गेला की तळावर ऊन पोचत नाही. नोव्हेंबरात दुपारी अडीचनंतर सूर्य त्याच्याही खाली येतो. म्हणजे “सोनेरी वेळी” वरची एक कड पेटलेली आणि बाकी सगळी घळ निळ्या-काळ्या सावलीत. फोनचा कॅमेरा दोन्ही सांभाळू शकत नाही: एक तर कड पांढरी फटक किंवा घळ काळी.

बाराच्या आगेमागे सूर्य दक्षिणेला असतो. केन एकंदर उत्तरेकडे वाहते, तेव्हा घळ जिथे उत्तर-दक्षिण आहे तिथे दुपारचं ऊन घळीच्या लांबीतून आत शिरतं आणि दोन्ही भिंती उजळतात. म्हणून रनेह साडेअकरा ते दोन.

ओल्या दगडाची चमक मारायला पोलरायझर (भिंगावर फिरवता येणारा फिल्टर) लावा, रंग एकदम गडद होतात. पण तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर तोच फिल्टर ते पुसून टाकतो, कारण धनुष्याचा उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. फिल्टर सावकाश फिरवत बघा. एका जागी धनुष्य गायब होतं, तिथून पाव फेरा पुढे ते सगळ्यात ठळक.

धनुष्य कुठे शोधायचं तेही सांगतो, लोक उगाच धारेकडे टक लावून बसतात. सूर्य पाठीशी घ्या. आपल्या डोक्याची सावली जिथे पडते तिथून ४२ अंशांवर धनुष्य असतं, दुसरीकडे कुठेच नाही. हात लांब करून बोटं ताणली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश भरतात. म्हणजे सावलीपासून दोन वीत. सपाटीवर सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की धनुष्य क्षितिजाखाली जातं आणि दिसत नाही, पण कठड्यावरून आपण खाली बघत असतो, त्यामुळे भर दुपारीही घळीत दिसू शकतं. या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर बारालाही सूर्य ४२ अंशांच्या वर जात नाही. तुषार पुरेसे असले तर दिवसभर संधी.

पांडवला रेशमी धार हवी असेल तर शटर पाव ते अर्धा सेकंद. सकाळी ८ ला तो डोह सावलीत असतो, तेव्हा आयएसओ १०० आणि एफ/११ वर फिल्टरशिवाय जमून जातं. ऊन आलं तर ६४ पट एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच): १/१२५ चा अर्धा सेकंद होतो. तिपाई कठड्याला टेकवू नका. शेजारी कुणी टेकलं तरी कठडा थरथरतो आणि अर्ध्या सेकंदात ते दिसतं. भिंगावर दर दोन मिनिटांनी तुषार बसतात. सुती फडक्याने पुसलं तर ओरखडे-रेषा उमटतात, मायक्रोफायबरची दोन फडकी घ्या, एक ओलं होतंच. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय बंदी आहे.

थाटीपूरकर
म्हणजे सकाळी पांडव, दुपारी रनेह. घडियालांचं कुणी बोललं नाही.

दुर्बीण८४२
घडियालांसाठी केनला जात असाल तर आशा कमी ठेवा. संख्या थोडी आहे. ग्वाल्हेरकरांनी घडियाल बघायचे ते चंबळवर. मुरैना तासाभरावर, देवरीला अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे आणि जगातली सगळ्यात मोठी संख्या चंबळमध्येच आहे. केनला दिसले तर लाभ.

दिसण्याची शक्यता कशी वाढते ते सांगतो. हे थंड रक्ताचे प्राणी, ऊब बाहेरून घेतात. थंडीत पाणी गार असतं म्हणून दहा ते तीनच्या दरम्यान वाळूवर किंवा सपाट खडकावर येऊन पडतात. उन्हाळ्यात उलट, भर दुपारी पाण्यात. फाटकावर आतल्या फेरीसाठी वाटाड्या घ्याच, कुठल्या डोहापाशी अलीकडे दिसले ते त्यालाच ठाऊक. गाडीचं दार आपटू नका. गाडी थांबल्यावर अर्धा मिनिट आतच बसा, मग उतरा. घडियालापेक्षा मगर दिसण्याची शक्यता जास्त. फरक तोंडावरून: मगरीचा जबडा रुंद, त्रिकोणी, घडियालाचा काठीसारखा लांब आणि बारीक, मासे धरण्यासाठी. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकाशी मडक्यासारखा फुगवटा असतो, घडा, म्हणून घडियाल. पन्नास मीटरवर वाळूत पडलेला तो ओंडकाच वाटतो. दुर्बिणीतून पाठीवरच्या खवल्यांची रांग दिसते तेव्हा कळतं.

पुढेमागे सफारी केलीत तर हिनौता फाटकाने जा, वाघासाठी नव्हे, धुंधवा सेहासाठी. तिकडे दरीला सेहा म्हणतात. उभ्या कड्याच्या कंगोऱ्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. जागा ओळखायची खूण म्हणजे कड्यावरून खाली ओघळलेले विष्ठेचे पांढरे पट्टे. पट्टा जिथे सुरू होतो त्याच्या लगेच वर घरटं किंवा बसायची जागा. पांढऱ्या पाठीची गिधाडं कड्यावर नाही, उंच झाडावर घरटं करतात. हिवाळ्यात हिमालयी आणि युरेशियन ग्रिफनही येतात. पन्न्यात एकूण सात जाती नोंदल्या आहेत. ऊन तापून हवा वर उठायला लागली, म्हणजे साधारण नऊनंतर, की गिधाडं कड्यावरून सुटतात, आणि कठडा वर असल्यामुळे ती आपल्या नजरेच्या खालून उडत जातात. पंखांची वरची बाजू बघायला मिळणं ही चीज दुसरीकडे क्वचित.

फालकाबाजार
मग सफारी बसवाच की, दादा.

मुरारकर
सत्तरीची माणसं आहेत, सांगितलं ना वर.

चाकधर
कुणी पावसाळ्यात जाणार असेल तर हेही इथेच लिहून ठेवतो, धागा पुढे शोधणाऱ्याला सापडेल. रनेहला आभाळ कोरडं आहे म्हणून पाणी वाढणार नाही असं नसतं. केनला वर सोनार आणि बेअरमा येऊन मिळतात, त्यांचा पाऊस सागर-दमोहकडचा. तिकडे रात्री कोसळला की इकडे नंतर, ऊन पडलेलं असताना लोंढा येतो. निघण्याआधी खजुराहोचा नव्हे, दमोहचा पाऊस बघा.

लोंढ्याची चिन्हं अशी: निवळ पाणी अचानक मातकट होतं, काटक्या-पालापाचोळा आणि फेस वाहत येतो, आवाज जड होतो. तिन्हीपैकी एकही दिसलं की सामान गोळा करत बसायचं नाही, आधी वर. आपल्याकडच्या लोकांना सुलतानगढचा धबधबा आठवत असेल. १५ ऑगस्ट २०१८, सुट्टीचा दिवस, धबधब्याखालच्या खडकांवर लोक बसलेले आणि पार्वती नदीचं पाणी एकाएकी चढलं. काही वाहून गेले, चाळीसच्या आसपास माणसं मधल्या खडकावर अडकली आणि रात्रीपर्यंत सोडवावी लागली. मध्ये बसलेल्याला पाणी वाढताना कळतं तोवर काठाकडची पन्हळ आधीच भरलेली असते, कारण मधला खडक उंच आणि कडेचा भाग सखल. म्हणून “उंचावर बसलोय, काही होत नाही” हेच चुकतं.

कंपूवाली
पांडवच्या डोहात पाय सोडून बसायचंही टाळा. तळ एकाएकी खोल आहे आणि वरून धारेसोबत दगड पडतात.

दुसरं, कड्यावरची आग्या मोहोळं. मीटरभर लांबीची काळपट, लोंबती पोळी वर दिसली तर त्याखाली अत्तर-सेंट, अगरबत्ती, सिगारेट, आरडाओरडा काहीही नको, आणि मुलाने दगड भिरकावता कामा नये. सकाळी गारव्यात माश्या शांत असतात, हेही पांडव सकाळी करण्याचं एक कारण. उठल्याच तर हात हलवून हाकलू नका. ओढणीने तोंड-डोळे झाका, पायऱ्यांवर पळापळ न करता पण न थांबता गाडी गाठा आणि काचा लावा. पाण्यात उडी घेणं चुकीचं, माश्या वर घोंगावत थांबतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा.

डबा न्या. मडल्याच्या आसपास खायला मिळतं, पण वेळेचा भरवसा नाही. धपाटे आणि कोरडी चटणी दुपारपर्यंत टिकते, दह्यातलं काही नको. पाणी माणशी दोन लिटर. दिवाळीत आपल्याकडे गजक आलेली असते, ती खिशात ठेवा: चढून आल्यावर तीळ-गूळ लगेच उपयोगी. माकडांसमोर मात्र पिशवी उघडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ती ओळखतात.

खडकवेडा
एक जाता जाता. केनचं पाणी बेतवा नदीकडे नेणाऱ्या केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ ला खजुराहोत झाली. दौधन धरण पन्न्याच्या हद्दीतच, ७७ मीटर उंचीचं. ते भरल्यावर खाली रनेहला कधी आणि किती पाणी सोडायचं हे माणूस ठरवणार. वर मी लिहिलेलं महिन्यांचं गणित तेव्हा नव्याने मांडावं लागेल.

थाटीपूरकर
सगळ्यांचे आभार. असं ठरवलं: ७ ला खजुराहो सोडायचं, पावणेआठपर्यंत पांडव, दोघांसाठी वरचा कठडा, बाकीचे खाली, साडेदहाला परत निघायचं. बारापर्यंत रनेह, आधी कठडे, डबा, मग तीनच्या पुढे घडियालची फेरी. साडेचारला बाहेर. सफारी रद्द.

दुर्बीण८४२
एवढंच फिरवा: घडियालची फेरी तीनला ठेवू नका, तोवर वाळू गार होऊन ते पाण्यात सरकायला लागतात. पोचल्या पोचल्या फेरी, मग कठडे.

तिपाई
आणि मग कठड्यावर पोचेपर्यंत दीड, दोनपर्यंत ऊन. अर्धाच तास मिळेल, पण घळ उजळलेली असेल. डबा त्यानंतर, सावलीत.

मुरारकर
फाटक कधी उघडतं ते मुक्कामावर आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. आणि दोन्ही फाटकांसाठी सुटे पैसे. नेटवर्क गेलं की क्यूआर चालत नाही आणि पाचशेची मोड तिथे कुणाकडे नसते.